कार्बवाले सर

सरांच्या घरी गेलं की आधी काटा दिसतो, मग सर दिसतात. काटा म्हणजे सोनाराकडं असतो तसा, एकेक ग्रॅम दाखवणारा. ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी त्याची जागा ठरलेली आहे आणि देवघर सोडलं तर त्या घरात इतकी पुसून-पासून ठेवलेली दुसरी वस्तू नाही. तुम्ही बसता. वहिनी आतून विचारतात, "चहा टाकू का?" तुम्ही 'हो' म्हणायच्या आत सर म्हणतात, "बिनसाखरेचा. एका चमच्यात 5 ग्रॅम साखर. दिवसाला सहा चहा धरा. वर्षाची किती झाली? करा तोंडी हिशोब."

हिशोब आपल्याला येत नाही, म्हणून सरच करतात. "अकरा किलो!"

पाहुण्याच्या डोळ्यांपुढं अकरा किलो साखरेचं पोतं उभं राहतं. मग तो तो चहा काढ्यासारखा पितो आणि घरी जाऊन दोन चमचे साखरेचा दुसरा चहा मागतो. आमच्या गल्लीत साखरेचा खप सरांमुळं वाढला आहे, असं किराणा दुकानदार सांगतो.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. गेली 28 वर्षं त्यांनी फळ्यावर एकच तक्ता काढला: कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ. कर्बोदकांपुढं 'ऊर्जा देतात' असं लिहायचं आणि त्याखाली दोन रेघा ओढायच्या. दोन वर्षांपासून रेघा गेल्या आणि फुली आली. एका पोरीनं विचारलंच, "सर, पुस्तकात तर चांगली असतात म्हणून लिहिलंय." सर म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलं लिही, घरी माझं ऐक." पोरगी घरी गेली आणि आईला म्हणाली, "आजपासून भाकरी नको, सरांनी बंद केलीय. बिस्किटं दे."

तेव्हापासून त्यांचं नाव कार्बवाले सर. गल्लीत इंग्रजीचे एक, गणिताचे दोन आणि शिकवणीवाले एक असे चार सर आधीच राहत असल्यामुळं हे नाव टपालवाल्यालाही सोयीचं पडतं.

सुरुवात एका कागदानं झाली. तपासणीत सरांचा एचबीएवनसी 6.1 निघाला. हा आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा ताळेबंद. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेह अंगणात येऊन उभा आहे, 6.5 झाला की चप्पल काढून घरात आला. आदल्या रात्री उपाशी राहून या आकड्याला फसवता येत नाही. सरांनी आदल्या रात्री उपाशी राहून पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, साखर कमी करा, पाच-सहा किलो उतरवा, तीन महिन्यांनी या." एवढं साधं सांगणं सरांच्या पचनी पडलं नाही. ज्या विषयावर आपण दोन तास बोलू शकतो तो विषय समोरच्यानं चार वाक्यांत संपवला, म्हणजे त्याचा अभ्यास कच्चा, असं त्यांचं मत झालं. बाहेर पडता पडता डॉक्टरांनी पाचवं वाक्यही सांगितलं होतं, "गोळ्या सुरू करायची वेळ आली तर मात्र स्वतःच्या मनानं जेवणात फार कापाकापी करू नका, आधी मला विचारा." पण तोवर सरांनी मोबाइल उघडला होता.

आता मराठवाड्यात वजन कमी करणाऱ्याला पहिला मुक्काम लातूरलाच पडतो. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवला: दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. सांगणाऱ्याला त्यातलं 'दोनदाच' महत्त्वाचं वाटत होतं, सरांना '55 मिनिटं'. ते घड्याळ लावून बसत. वीस मिनिटांत पोट भरलं तरी उठत नसत, "अजून पस्तीस मिनिटं आहेत" म्हणत आणि वेळ वाया जाऊ देत नसत. महिनाभरात दीड किलो वाढलं. मग कुणीतरी ऋजुता दिवेकरांचं सांगितलं: दर दोन तासांनी थोडं थोडं खावं, आपल्या मातीतलं खावं, तुपाला भिऊ नये. सरांनी दोन्हींचा मान राखला. दुपारी आणि रात्री दीक्षित, मधल्या वेळात दिवेकर. आणखी दोन किलो वाढलं.

तेव्हा सरांना तिसरा मार्ग सापडला. ते थेट लंडनला गेले, म्हणजे मोबाइलवरून. तिथं त्यांना विल्यम बँटिंग भेटला. हा माणूस धंद्यानं अंत्यविधीची व्यवस्था बघणारा, शवपेट्या पुरवणारा. स्वतः इतका जाड झाला होता की बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उलटा उतरावा लागे. त्यानं पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडली, बारीक झाला आणि 1863 साली त्यावर पुस्तिका लिहिली. सर ही कथा कीर्तनातल्या आख्यानासारखी सांगतात. बँटिंग रोज वाइन मात्र घेत होता, एवढं गाळतात.

"आणि पुढं," सर बोट वर करतात, "1972 साली अमेरिकेत डॉक्टर ॲटकिन्सचं पुस्तक आलं. पाव सोडा, भात सोडा, मांस-अंडी खा! पुस्तकावर उड्या पडल्या."

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आक्का, म्हणजे सरांच्या आई, यांनी एकदा मान वर केली. "कवा म्हनलास? बहात्तर साली?"

"हो आक्का."

"दुष्काळात व्हय?" एवढंच म्हणून त्या पुन्हा वाती वळायला लागल्या.

आणि मग पॅनकेक आला. लो-कार्ब माणसाचं सगळं भागतं, फक्त नाष्ट्याला अडतं. पोहे गेले, उपीट गेलं, सुशीला गेला. सुशीला हा मुरमुऱ्यांचा असतो आणि मुरमुरे म्हणजे फुगवलेला भात, हे सरांनी ज्या दिवशी जाहीर केलं त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. त्या पोकळीत रविवारी सकाळी आठ वाजता पहिला लो-कार्ब पॅनकेक अवतरला. मी साक्षीला होतो. साक्षीदाराशिवाय सर काही करत नाहीत.

आधी बदाम तोलले, 100 ग्रॅम. मिक्सरमध्ये टाकले. पीठ पाहिजे होतं, पण सर विज्ञानाचे; बारीक म्हणजे किती बारीक, तर कणाकणापर्यंत. मिक्सर तापला, बदामाला तेल सुटलं आणि पिठाचा लगदा झाला. "याला परदेशात आमंड बटर म्हणतात," सर म्हणाले आणि बरणीत भरून बाजूला ठेवलं. पुन्हा 100 ग्रॅम. या वेळी थांबत थांबत फिरवलं. त्यात दोन अंडी, थोडं पनीर, चमचाभर इसबगोल, चिमूटभर बेकिंग पावडर. नॉनस्टिक तव्यावर लोणी. पीठ ओतलं, छान गोल पसरलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. सरांनी उलथनं घातलं आणि गोलाचे चार तुकडे झाले.

"गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते धरून ठेवतं," सर म्हणाले. "बदामात ते नाही. सगळा भार अंड्यावर येतो."

दुसरं टाकलं. भार अंड्याला पेलवला नाही. तिसऱ्या खेपेला जाळ मोठा केला, तर बदाम आतून कच्चा आणि बाहेरून काळा झाला. चौथ्याला सरांनी उलटायचं सोडून दिलं, तव्यातच ढवळलं आणि म्हणाले, "ही बदामाची भुर्जी."

वहिनी दारात उभ्या होत्या. "धिरडं हाय की हे," त्या म्हणाल्या. "तेबी मोडकं."

सरांच्या आयुष्यात या वाक्यानं जेवढी उलथापालथ केली तेवढी 6.1 नंही केली नसेल. धिरडं? धिरडं डाळीच्या पिठाचं असतं! 100 ग्रॅम बेसनात 60 च्या आसपास कार्ब, ज्वारीच्या पिठात 70 च्या घरात, बदामात 20-22 आणि त्यातले निम्म्याहून जास्त नुसते तंतू, जे अंगी लागतच नाहीत! सरांनी फ्रिजच्या दारावर तक्ता लावला. डावीकडं धिरडं, उजवीकडं पॅनकेक. वहिनींनी तो वाचला आणि त्याच्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिला.

तसं पाहिलं तर नाव बदलणं आमच्या गावाला नवं नाही. 2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्याच वर्षी सरांच्या घरात धिरड्याचा पॅनकेक झाला. पहिल्या बदलाला मंत्रिमंडळाचे ठराव, केंद्राची मंजुरी, अधिसूचना असं बरंच काही लागलं. दुसऱ्याला एक नॉनस्टिक तवा पुरला. घरातली माणसं मात्र दोन्ही बाबतीत सवयीनं जुनं नाव घेतात आणि जीभ चावतात.

हा तवा सरांचा एकट्याचा. आक्का माळकरी. दर वर्षी तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात. अंड्याचा वास आला तरी त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. रविवारचं मटणही त्या घरात अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतं. मटणाच्या बाबतीत सरांची छाती अभिमानानं फुगते. उस्मानाबादी शेळी! काळी, चिवट, जुळी देणारी, दुष्काळातही बाभळीच्या पाल्यावर तगणारी. "जिल्ह्यानं देशाला दिलेली लो-कार्ब देणगी," असं सर म्हणतात. जिल्ह्याचं नाव बदलल्यावर शेळीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र त्यांनी सरकारवर सोडला आहे.

अडचण शेळीची नव्हती, रश्श्याची होती. येसूर घातलेला झणझणीत काळा रस्सा आमच्याकडं पीत नाहीत, त्यात भाकरी कुस्करतात. वाडग्यात भाकरीचा चुरा, वर रस्सा, कडेला कांदा. आता भाकरी बंद म्हटल्यावर कुस्करायचं काय? सरांनी खिशातून काढावा तसा डब्यातून पॅनकेक काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत रश्श्यात कुस्करला. तो बुडेना. भाकरी रस्सा पिते, पॅनकेक रश्श्यावर तरंगायला लागला, बदामाचं तेल तर्रीच्या तेलात मिसळलं आणि वाडग्यात पुराच्या पाण्यात पेंढा वाहतो तसं दृश्य दिसायला लागलं. सरांनी पहिला घास घेतला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दुसऱ्या घासाला म्हणाले, "वेगळंच लागतं." पस्तीस वर्षांच्या ओळखीत सरांच्या तोंडून मी ऐकलेली ही सर्वांत सौम्य निंदा होय.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, अशी कथा आहे. सर नजरेनं पोटं ठोकतात. हातलाईच्या टेकडीकडं सकाळी फिरायला जाताना समोरून येणाऱ्याला 'नमस्कार'च्या आधी "कंबर किती?" असं विचारतात. लग्नात गेले की पंगतीत आपल्या ताटाआधी शेजाऱ्याच्या ताटाकडं बघतात. त्यानं गुलाबजामला हात घातला की हळू आवाजात म्हणतात, "खा, खा, मी काही म्हणत नाही." न म्हणण्याची ही पद्धत अशी आहे की तो गुलाबजाम घशाखाली उतरत नाही. भूमकडचा कोणी पेढे घेऊन आला तर सर त्याला तासभर खवा आणि पेढा यांतला फरक सांगतात. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन खव्याला आहे, साखरेला नाही, असा सरांचा मुद्दा; तेव्हा खवा चालतो, पेढा नाही. दुधातही साखर असते आणि आटवल्यावर ती कुठं जात नाही, हे मी एकदा म्हणालो. सरांनी चमच्यातला खवा संपवला आणि म्हणाले, "अभ्यास करावा लागेल."

सरांचा धाकटा भाऊ तेरणेच्या काठाला शेती करतो. सहा एकर सोयाबीन, दोन एकर ऊस. ही जमीन दोघांच्या नावावर आहे, म्हणजे साखरेवर बोलणाऱ्या सरांच्या खात्यावर दरवर्षी उसाचं बिल जमा होतं. भाऊ कधी काही बोलत नाही. एकदाच म्हणाला, "दादा, कारखान्याला ऊस आपला जातोय, अन् साखर तूच खाईना गेलाव. भाव कसा मिळंल?"

तो बिचारा वेगळ्याच गोंधळात होता. कृषी सहायक गावात येऊन शेणखत घाला, पाचट जाळू नका, जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवा, असं सांगून गेला होता. आणि रविवारी शहरातून दादा येऊन सांगायचा, कार्ब कमी करा. भावानं महिनाभर विचार केला आणि फोन लावला. "दादा, तुमचं दोघांचं एकदा काय ते ठरवा. कर्ब वाढवायचा का कमी करायचा? मी शेणखताच्या दोन ट्रॉल्या सांगून बसलोय."

बदामांचा भाव कळला तेव्हा मात्र त्यानं हिशोब आपल्या पद्धतीनं केला. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. "म्हंजी माझं एक क्विंटल सोयाबीन गेलं की तुझे पाच-सहा किलो बदाम येतेत," तो म्हणाला. "त्यापरीस सोयाबीनच खा की. त्यात काय कमी हाय?"

सरांनी बघितलं तर खरंच कमी नव्हतं. सोयाबीनमध्ये कार्ब कमी, प्रथिनं भरपूर, आणि घरचं! सरांना जिल्ह्याच्या अर्थकारणाचाच मार्ग सापडल्यासारखं झालं. त्यांनी दोन किलो सोयाबीन गिरणीतून दळून आणलं, कच्चंच, भाजल्यानं सत्त्व जातं म्हणून. त्याचे पॅनकेक रविवारी सकाळी चार खाल्ले. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात आणि चांगली उष्णता दिल्यावरच ते निकामी होतात, हे विज्ञानाच्या सरांना सोमवारी तिसऱ्या तासाला, सातवी 'ब'च्या वर्गात कळलं. खिडक्या उघडायला लावून त्यांनी त्या दिवशी वायूंचा धडा घेतला.

येळवशीला सगळी कसोटी लागली. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातली अमावास्या आली की लातूर आणि धाराशिव ही दोन्ही शहरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि समोर जेवण. जेवण म्हणजे काय, तर कार्बांचं साहित्य संमेलनच. बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, सगळ्या हिरव्या शेंगांची आणि पालेभाज्यांची दाट भज्जी, आणि मातीच्या बिंदगीत गारगार आंबील. सर डबा घेऊन आले होते. डब्यात पाच पॅनकेक. पांडवांपुढं नैवेद्य ठेवताना भावानं विचारलंसुद्धा, "ह्यातलं एक ठिवू का?" आक्का म्हणाल्या, "पांडवांनी लई वनवास भोगलाय, आता आनखी नको."

सरांनी भज्जी घेतली. "शेंगभाज्या, चालतात." भज्जीला घट्टपणा कशानं आला, हे विचारलं नाही. मग पंगत बसली आणि ऊन चढलं. आंबिलीची बिंदगी सरांच्या शेजारीच होती. त्यांनी एक पेला घेतला.

"आंबील चालते?" मी विचारलं.

"ताक आहे. ताकात काय असतं?"

दुसरा पेला. मी म्हणालो, "पण त्यात ज्वारीचं पीठ असतंय सर."

"पीठ खाली बसतं. मी वरचं घेतोय."

तिसऱ्या पेल्याला भावानं काही न बोलता हातातला डाव बिंदगीत घातला, तळापासून दोनदा फिरवला आणि सरांचा पेला काठोकाठ भरला. सरांनी पेल्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि पेला रिकामा केला. पुढं किती झाले ते मोजायला काटा घरी होता. संध्याकाळी परत येताना गाडीत सर बराच वेळ गप्प होते. शहर जवळ आल्यावर म्हणाले, "वर्षातून एक दिवस शरीराला धक्का द्यावा लागतो. त्यानं चयापचय जागं होतं." मागच्या सीटवर उंडे फडक्यात बांधून घेतलेले होते. बहुधा चयापचय पुन्हा झोपलं तर लागतील म्हणून.

सरांची थट्टा करायची म्हणून खरं लपवायचं कारण नाही. नवा कागद आला त्यात 5.8 होतं आणि वजन सात किलो उतरलेलं होतं. श्रेय कुणाचं यावर मात्र घरात एकमत नाही. सर म्हणतात, पॅनकेकचं. डॉक्टर म्हणाले, रोज हातलाईपर्यंत चालल्याचं आणि चहातली साखर गेल्याचं. वहिनी म्हणतात, "अर्धे पॅनकेक मोडून कुत्र्याला जातेत. पोटात काही जाईनाच तर वजन उतरणार न्हाई तर काय?" कुत्रं मात्र गुटगुटीत झालं आहे.

येळवशीनंतरच्या एका रविवारी मी गेलो तर चित्र बदललेलं. नॉनस्टिक तवा खुंटीला, ओट्यावर आक्कांचा बिडाचा तवा. सरांनी आक्कांना शब्द दिला होता, तुझ्यासाठी बिनअंड्याचा करतो. सोयाबीन या वेळी खरपूस भाजून दळलेलं, त्यात शेंगदाण्याचा कूट. अंडं नाही, ग्लुटेन नाही. साहजिकच पहिलं मोडलं. दुसरं मोडलं. सर घामाघूम होऊन काट्यावर इसबगोल तोलत होते.

उंबऱ्यावरून आवाज आला. "अंडं न्हाई न्हवं त्यात?"

"नाही आक्का."

"मग सरक तिकडं."

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आक्का पाट ओढून बसल्या. शेगडी खाली घ्यायला लावली. परातीत बोटं घातली, पीठ चिमटीत दाबून बघितलं आणि सोडलं. "जवस हाय का?" वहिनींनी चटणीसाठी ठेवलेला जवस काढला. आक्कांनी तो कुटायला लावला, गरम पाण्यात भिजवला, आणि थोड्या वेळानं त्याचं बुळबुळीत झालेलं वाटण पिठात घातलं. वर मूठभर डाळीचं पीठ. सरांचा हात काट्याकडं गेला, पण मूठ पडून गेली होती. तव्याला तेलाचं बोट. पीठ ओतलं तळहाताएवढंच. वर झाकण. जाळ अगदी बारीक.

"एवढंसं?" सर म्हणाले.

"मोठं केलं की मोडतंय. न जुळणारं पीठ हाय ते. त्याला ल्हान ल्हान घालावं." मग माझ्याकडं वळून, जणू मीच विचारलं होतं, "बहात्तर साली रेशनला तांबडी मिलो यायची बघा, अमेरिकेतनं. ती जुळायचीच न्हाई. थापाया घेतली की कड फाटायची, तव्यावर टाकली की मोडायची. उकळत्या पान्यात मळली तर कुठं जरा धरायची. ह्याला झोळीत टाकून मी खडी फोडाया जायची. दोन वर्साचा होता. सुकडी मिळायची ती ह्याला."

सर उलथनं घेऊन पुढं झाले. आक्कांनी हात आडवा घातला. "अजून तव्यानं सोडलं न्हाई. तव्यानं सोडल्याबिगर हात लावायचा न्हाई."

आम्ही तिघं झाकणाकडं बघत बसलो. मी मनात हिशोब करत होतो. ज्या वर्षी अमेरिकेत पाव सोडायच्या पुस्तकावर उड्या पडत होत्या, त्याच वर्षी तिकडची मिलो इकडं येत होती आणि ही बाई तिची भाकरी धरून ठेवायला शिकत होती. सरांनाही तोच हिशोब लागला असावा. तोंडी गणितात ते माझ्यापेक्षा पक्के. त्यांनी काटा उचलला, बंद केला आणि मिठाच्या बरणीमागं सरकवला.

झाकण काढलं. कडा सुटल्या होत्या. आक्कांनी उलथनं न लावता बोटांनीच ते उलटलं. अख्खं. तांबूस, जाळीदार, कुठं चीर नाही. पहिलं त्यांनी सरांच्या ताटात टाकलं नाही, तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घातला. सर त्यांच्या तोंडाकडं बघत होते. दोन वर्षं, दोन तवे, किती किलो बदाम आणि एक सातवी 'ब', एवढं सगळं त्या घासावर येऊन थांबलं होतं.

आक्कांनी सावकाश चावलं, गिळलं, जरा विचार केला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "मिलोपरीस बरं हाय."